जहाजाच्या पोटातील हवा : वायुवीजन, घनफुटांचा कायदा आणि खलाशी (इ.स. १७४० ते २०२०)

बीजशब्द : वायुवीजन, जहाजबांधणी, गुलामांचा व्यापार, लस्कर, घनफूट, अ‍ॅस्बेस्टॉस, सागरी श्रम करार.

प्रास्ताविक

समुद्रावरची हवा शुद्ध आणि आरोग्यदायी असते, हा समज सर्वत्र रूढ आहे. आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी समुद्रकिनारी पाठविण्याची प्रथाही त्यातूनच निर्माण झाली. तथापि ज्यांनी आपले आयुष्य प्रत्यक्ष समुद्रावर काढले, त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या वाट्याला ही हवा फार थोडी आली. त्यांचे झोपणे, जेवणे आणि पुष्कळदा काम करणेही जहाजाच्या पोटात होत असे. तेथील हवा ही समुद्राची नव्हे, तर कुजलेल्या पाण्याची, ओल्या लाकडाची, कोळशाची, धुराची आणि माणसांच्या श्वासांची हवा होती.

जहाजांच्या इतिहासलेखनात शिडे, इंजिने, व्यापारी मार्ग आणि आरमारी लढाया यांना मोठे स्थान मिळाले. जहाजाच्या आत कोंडलेल्या हवेचा विचार मात्र बहुधा रोगांच्या इतिहासातील एक उपविषय म्हणूनच झाला. प्रस्तुत निबंधात अठराव्या शतकाच्या मध्यापासून २०२० पर्यंतच्या या हवेचा मागोवा ऐतिहासिक आणि विश्लेषणात्मक पद्धतीने घेतला आहे. जहाजातील हवा सुधारण्याचे उपाय बरेच आधी ज्ञात झाले होते. ते कोणासाठी, कधी आणि किती प्रमाणात योजावयाचे, हे मात्र विज्ञानापेक्षा माणसाच्या ठरविलेल्या किमतीवर अवलंबून राहिले, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

लाकडी जहाज आणि तळाची हवा

लाकडी जहाज कधीही पूर्ण कोरडे नसे. फळ्यांच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी तळाशी साचत असे आणि त्यात सांडलेले अन्न, मेलेले उंदीर, मलमूत्र व कुजके लाकूड मिसळत असे. जहाजाला स्थैर्य यावे म्हणून तळाशी भरलेली वाळू आणि दगडगोटे ही घाण धरून ठेवीत. अशा साचलेल्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू बाहेर पडत. पंपाची दुरुस्ती करण्यासाठी तळाच्या चिंचोळ्या जागेत उतरलेले सुतार आणि खलाशी गुदमरून मेल्याच्या घटना त्या काळात घडत. जहाजावर हवेची परीक्षा मेणबत्तीने होई. ज्योत मंदावली तर खाली उतरणे धोक्याचे समजले जाई. आपल्याकडे जुन्या आडात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जी रीत आहे, तिच्यामागचे तत्त्व हेच आहे.

यात माणसांच्या दाटीची भर पडे. अठराव्या शतकातील ब्रिटिश आरमारी जहाजावर प्रत्येक खलाशाच्या झोळीसाठी १४ इंच रुंदी ठरलेली होती. निम्मे लोक पाळीवर असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी अधिक जागा मिळे, इतकेच. पाणी आत येऊ नये म्हणून तोफांच्या खिडक्या आणि डेकवरील झडपा वादळात बंद कराव्या लागत. म्हणजे ज्या दिवसांत माणसे सर्वाधिक काळ आत असत, त्याच दिवसांत बाहेरची हवा पूर्णपणे बंद होई. ही अडचण जहाजाच्या रचनेतच होती आणि पुढील दोन शतकांच्या अनेक दुर्घटनांच्या मुळाशी तीच आढळते.

अठराव्या शतकातील उपाय

हवा आत आणण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे डोलकाठीवरून खाली सोडलेला कापडी नळा. त्याचे तोंड वाऱ्याकडे केले की वारा थेट खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचे. हे साधन स्वस्त आणि सोपे होते, परंतु वारा पडला की ते निकामी ठरे आणि वादळात ते गुंडाळून ठेवावे लागे.

१७३० आणि १७४० च्या दशकांत इंग्लंडमध्ये यावर तीन वेगळे उपाय पुढे आले. जॉन थिओफिलस देसाग्युलिए यांनी हाताने फिरविण्याचे पंख्याचे चाक तयार केले. ते १७३६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात बसविण्यात आले, परंतु आरमाराच्या अधिकाऱ्यांनी जहाजासाठी ते स्वीकारले नाही. सॅम्युअल सटन यांनी जहाजाच्या स्वयंपाकघरातील चुलीचा उपयोग सुचविला. चुलीला हवा लागतेच. ती हवा नळ्यांद्वारे तळातून ओढून घेतली तर घाण हवा जळून वर जाईल आणि तिच्या जागी ताजी हवा आपोआप येईल, अशी ही साधी योजना होती. वैद्य रिचर्ड मीड यांनी तिचा पुरस्कार केला. तिसरा उपाय स्टीफन हेल्स यांचा. व्यवसायाने धर्मोपदेशक असलेल्या या शास्त्रज्ञाने मोठ्या भात्यांसारखे यंत्र तयार केले आणि १७४३ मध्ये त्याचे वर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. स्वीडनमध्ये मोर्टन ट्रिवाल्ड यांनीही जवळजवळ त्याच वेळी स्वतंत्रपणे असेच यंत्र बनविले होते.

या संशोधकांची रोगाविषयीची उपपत्ती चुकीची होती, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. दूषित हवेमुळेच जहाजावरचा ज्वर आणि स्कर्व्ही हे रोग होतात, असे ते मानीत. वास्तविक तो ज्वर उवांमुळे पसरे, तर स्कर्व्ही आहारातील न्यूनतेमुळे होई. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये संत्री आणि लिंबे देऊन स्कर्व्हीवर केलेला प्रयोग आणि १७५३ मधील त्यांचा ग्रंथ प्रसिद्धच आहेत. ऑक्सिजनचा शोध १७७० च्या दशकातला, म्हणजे श्वासातून नेमके काय खर्च होते हेदेखील हेल्स यांच्या काळात ज्ञात नव्हते. असे असूनही त्यांच्या यंत्रांचा उपयोग होत होता, कारण उपपत्ती चुकली तरी कोंडलेली हवा बदलली पाहिजे हा निष्कर्ष बरोबर होता.

गुलामांची जहाजे : हवेचा हिशेब

हेल्स यांनी १७५० च्या दशकाच्या मध्यास रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. गुलाम आणि इतर लोक वाहून नेणाऱ्या जहाजांवर आपल्या यंत्रांमुळे किती जीव वाचले, हा त्याचा विषय होता. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी या यंत्रात रस घेतला, याचे कारण उघड होते. वाटेत मेलेला गुलाम हा त्यांच्या लेखी बुडालेला माल होता. हेल्स यांचा हेतू भूतदयेचा असला, तरी त्यांच्या शोधाचा उपयोग नफ्याच्या हिशेबात होऊ शकला.

हा हिशेब किती तोकडा होता, हे अलेक्झांडर फाल्कनब्रिज यांच्या १७८८ मधील वृत्तांतावरून कळते. गुलामांच्या जहाजांवर वैद्य म्हणून काम केलेल्या फाल्कनब्रिज यांनी असे नोंदविले आहे की, समुद्र खवळला किंवा पाऊस आला की हवेची भोके आणि जाळ्या बंद केल्या जात आणि खालच्या खोल्या असह्य तापत. स्वतः त्यांना तेथे फार थोडा वेळच थांबणे शक्य होई. त्याच वर्षी ‘ब्रुक्स’ या जहाजाचा प्रसिद्ध आराखडा इंग्लंडमध्ये प्रसृत झाला. त्यात पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद एवढी जागा दाखविली होती. १७८८ च्या डॉल्बेन कायद्याने जहाजाच्या टनभारानुसार गुलामांच्या संख्येवर मर्यादा घातली. त्यानुसार ‘ब्रुक्स’वर ४५४ जण नेता येत होते; तत्पूर्वी त्याच जहाजाने ६०९ जण नेल्याचे आराखड्याच्या मजकुरात म्हटले होते. कायद्याने माणसे मोजली. त्यांच्यापर्यंत हवा पोहोचते की नाही, ही बाब मात्र मोजमापाबाहेर राहिली.

‘लंडनडेरी’, १८४८

हवा बंद झाल्यास काय होते, याचे भीषण उदाहरण १८४८ च्या डिसेंबरच्या आरंभी घडले. आयर्लंडमध्ये दुष्काळ चालू होता आणि हजारो लोक देश सोडत होते. ‘लंडनडेरी’ ही वाफेवर चालणारी बोट स्लायगोहून लिव्हरपूलकडे निघाली असता वादळात सापडली. लाटांनी लोक वाहून जाऊ नयेत म्हणून डेकवरील गरीब प्रवाशांना खालच्या केबिनमध्ये उतरविण्यात आले. वरचे दार बंद करून त्यावर ताडपत्री टाकण्यात आली. एक प्रवासी कसाबसा बाहेर पडला तेव्हा आत काय चालले आहे हे कळले. तोपर्यंत ७२ जण मरण पावले होते. कोरोनरच्या ज्युरीने कप्तान व त्याच्या दोन सहकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका ठेवला.

ती केबिन सुमारे १८ फूट लांब, ११ फूट रुंद आणि ७ फूट उंच होती, म्हणजे तिचे घनफळ सुमारे १,३८६ घनफूट भरते. आत दीडशेच्या आसपास माणसे धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वानऊ घनफूट, म्हणजे सुमारे २६० लिटर हवा आली. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. शरीराने व्यापलेली जागा आणि घबराटीने वाढलेला श्वास हिशेबात धरला नाही, तरी अशा बंद खोलीत तासाभरात या वायूचे प्रमाण सात टक्क्यांच्या घरात जाते. हे प्रमाण माणसाला बेशुद्ध करण्यास पुरेसे आहे. वादळात हे प्रवासी समुद्राने बुडाले नाहीत. ते एकमेकांच्या श्वासात बुडाले.

घनफुटांचा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश कायद्याने खलाशाच्या राहण्याच्या जागेचे माप ठरविले. १८६७ च्या व्यापारी जहाज कायद्यानुसार प्रत्येक खलाशाला किमान ७२ घनफूट अवकाश आणि १२ चौरस फूट जमीन द्यावी लागे. १८९४ च्या एकत्रित कायद्यातही हेच माप राहिले. ही सुधारणा निश्चितच महत्त्वाची होती. परंतु तिच्यात एक शास्त्रीय उणीव होती. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच असे दाखविले होते की, खोलीच्या आकारापेक्षा तिच्यातील हवा किती वेळा बदलते हे अधिक महत्त्वाचे असते. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या पुढे जाऊ नये, हा त्यांचा निकष पुढे जगभर मान्य झाला. ७२ घनफूट म्हणजे सुमारे २,०४० लिटर. हवा बदलली नाही तर एवढ्या जागेत एकटा माणूस पाच मिनिटांत ही मर्यादा ओलांडतो. म्हणजे कायद्याने डबा मोजला, त्यातील हवेचा प्रवाह मोजला नाही.

हे अपुरे मापदेखील सर्वांना सारखे नव्हते. ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशांना ‘लस्कर’ म्हटले जाई. मुंबईहून भरती होणाऱ्या लस्करांत डेकवरच्या कामासाठी रत्नागिरी आणि काठेवाडकडील खलाशी, भट्टीच्या कामासाठी पंजाबी व पठाण आणि भोजनगृहासाठी गोव्याचे लोक, अशी ढोबळ विभागणी असे. सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली हे सर्व काम करीत. भारतीय कायद्यानुसार लस्करासाठी ठरलेली जागा ३६ घनफूट होती, म्हणजे गोऱ्या खलाशाच्या नेमकी निम्मी. या तफावतीवरून शतकाच्या अखेरीस ब्रिटनचे व्यापार मंडळ आणि पी. अँड ओ. कंपनी यांच्यात मोठा वाद झाला. लस्कर उष्ण समुद्रात डेकवर झोपतात आणि कमी जागेत समाधानी असतात, असा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९०६ च्या कायद्याने खलाशाची जागा १२० घनफुटांवर नेली, तेव्हाही या वाढीतून लस्करांना वगळण्यात आले.

एकाच जहाजावर, एकाच समुद्रात, एकाच प्रकारच्या फुप्फुसांसाठी दोन वेगळी मापे ठरविण्याला शरीरशास्त्राचा कोणताही आधार नव्हता. जागा म्हणजे मालवाहतुकीचे भाडे, हे त्यामागचे अर्थकारण होते. खलाशाच्या खोलीला दिलेला प्रत्येक घनफूट मालासाठी कमी होत असे.

वाफेचे युग : भट्टी आणि पंखा

लोखंडी जहाजे आणि वाफेची इंजिने आल्यावर तळातील कुजण्याचा प्रश्न कमी झाला, परंतु प्रदूषणाचे नवे स्रोत निर्माण झाले. कोळशाच्या कोठारांत धूळ आणि ज्वलनशील वायू साठत. कोळसा हवेतील ऑक्सिजन शोषून स्वतःच तापत असे. भट्ट्यांसमोर काम करणारे आगवाले आणि त्यांना कोळसा पुरविणारे कोळसेवाले ही उष्णता व धूळ पाळीमागून पाळी सोसत. तांबड्या समुद्रात मागून वारा असेल, तर जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग जवळजवळ सारखा होऊन डेकवरील कर्ण्यासारख्या वायुनलिकांतून हवा खाली येईनाशी होई. भारतीय माणूस उष्णतेला सरावलेला असतो, या समजुतीच्या आधारे भट्टीचे काम त्याच्याकडे सोपविणे सोयीचे ठरले.

वरच्या मजल्यांवरचे चित्र वेगळे होते. पूर्वेकडे जाणाऱ्या बोटींच्या भोजनगृहांत छताला झालरीचे पंखे टांगलेले असत आणि मुले ते दोरीने ओढीत. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचे पंखे आणि गरम किंवा थंड केलेली हवा नळ्यांतून खेळविण्याची यंत्रणा आली. १९०७ मध्ये सेवेत आलेल्या ‘लुसिटानिया’सारख्या बोटींवर ती बसविलेली होती. हव्या त्या दिशेला वळविता येणाऱ्या हवेच्या झरोक्याला जहाजाच्या परिभाषेत ‘पंखा लुव्हर’ असे नाव मिळाले. भारतीय दिवाणखान्यातील पंखा अशा रीतीने जगभरच्या जहाजांच्या शब्दकोशात गेला. तो ओढणारे हात मात्र कोशाबाहेर राहिले.

न दिसणारे प्रदूषण : अ‍ॅस्बेस्टॉस आणि बंद जागा

विसाव्या शतकात जहाजातील आगीची भीती कमी करण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसचा सढळ वापर झाला. वाफेच्या नळ्या, बॉयलर आणि भिंती यांवर त्याचे आवरण असे. त्याचे सूक्ष्म तंतू इंजिनरूमच्या हवेत मिसळत आणि अनेक वर्षांनी फुप्फुसांचे विकार व कर्करोग यांच्या रूपाने प्रकट होत. नव्या जहाजांवरील त्याच्या वापरावर आंतरराष्ट्रीय नियमांनी जुलै २००२ पासून काही अपवाद ठेवून आणि जानेवारी २०११ पासून संपूर्ण बंदी घातली. परंतु जुन्या जहाजांतील अ‍ॅस्बेस्टॉस जहाजाबरोबर संपत नाही. तो जहाज तोडणाऱ्या कामगाराच्या श्वासात उतरतो. गुजरातमधील अलंग आणि मुंबईतील दारूखाना येथील कामगारांचा या इतिहासाशी संबंध आहे तो असा. ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका अलंगला येत असताना अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रश्नावरून झालेल्या वादामुळे फेब्रुवारी २००६ मध्ये परत बोलाविण्यात आली. सुरक्षित जहाजतोडणीविषयीचा २००९ चा हाँगकाँग करार अमलात येण्यास मात्र जून २०२५ उजाडले.

बंद जागांचा जुना धोकाही संपलेला नाही. टाकीचे लोखंड गंजताना, तसेच धान्य, लाकूड किंवा कोळसा बंद तळात पडून असताना तेथील ऑक्सिजन घटतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते बरेच खाली आल्यास आत उतरलेला माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता कोसळतो आणि त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही त्याच्याशेजारी पडतो. या कारणास्तव बंद जागेतील प्रवेश व बचाव यांचा नियमित सराव जानेवारी २०१५ पासून जहाजांवर सक्तीचा करण्यात आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘आयएनएस सिंधुरत्न’ या पाणबुडीत धूर पसरून दोन अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात माझगाव गोदीत ‘आयएनएस कोलकाता’वर अग्निशमन यंत्रणेतील कार्बन डायऑक्साइडची गळती होऊन एका अधिकाऱ्याला प्राण गमवावे लागले. अत्याधुनिक नौकेतही हवा हाच सर्वांत नाजूक घटक असतो, हे या दोन घटनांनी दाखवून दिले.

‘डायमंड प्रिन्सेस’, २०२०

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ या पर्यटक बोटीवर विलगीकरण लागू झाले. बोटीवरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोरोना विषाणूची बाधा झाली. बोटीवर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी होते. प्रवाशांना आपापल्या केबिनमध्ये राहण्यास सांगण्यात आले. कर्मचारी मात्र स्वयंपाक करीत, जेवण पोहोचवीत आणि सामायिक खोल्यांत झोपत राहिले. सुरुवातीला बाधित झालेल्या कर्मचाऱ्यांत भोजन विभागातील लोकांचे प्रमाण मोठे होते. विषाणू हवेतून पसरतो की नाही, यावर त्या वेळी तज्ज्ञांत मतभेद होते. पुढील अभ्यासांनी हवेतील सूक्ष्म कणांचा वाटा मोठा असल्याचे दाखविले. मध्यंतरी मागे पडलेला हवेचा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा रोगाच्या केंद्रस्थानी आला.

दरम्यान कायदा पुष्कळ पुढे आला होता. २००६ चा सागरी श्रम करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार लहान मालवाहू जहाजावरही एका खलाशाच्या खोलीला किमान ४.५ चौरस मीटर जमीन आणि २.०३ मीटर उंची, म्हणजे सुमारे ३२० घनफूट अवकाश मिळतो. लस्कराच्या ३६ घनफुटांच्या तुलनेत हे माप जवळजवळ नऊपट आहे आणि त्याबरोबर पुरेशा वायुवीजनाची अटही आहे. प्रवासी बोटींवर मात्र कर्मचाऱ्यांना एकत्र ठेवण्याची मुभा याच करारात आहे.

निष्कर्ष

१. जहाजातील हवा बदलण्याची साधने १७४० च्या दशकातच उपलब्ध झाली होती. पुढील दुर्घटनांचे कारण ज्ञानाचा अभाव एवढेच नव्हते. उपलब्ध ज्ञान काही माणसांसाठी वापरले गेले नाही, हेही होते.

२. रोगाची उपपत्ती चुकीची असतानाही वायुवीजनाचा आग्रह योग्य होता. पुढे उपपत्ती सुधारली, पण त्या ओघात हवेचा प्रश्न दुय्यम ठरला आणि त्याची किंमत २०२० मध्ये पुन्हा मोजावी लागली.

३. कायद्याने दीर्घकाळ अवकाश मोजला, हवेचा प्रवाह मोजला नाही. आणि अवकाशाचे मापही वंशानुसार बदलले. ७२ आणि ३६ हे दोन आकडे वसाहतकालीन श्रमव्यवस्थेचे अस्सल पुरावे आहेत.

४. गुलाम, दुष्काळग्रस्त प्रवासी, लस्कर, जहाज तोडणारा कामगार आणि पर्यटक बोटीवरील वाढपी या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे त्यांना मिळालेली हवा होय. कोकण, गोवा आणि मुंबई यांच्या सागरी इतिहासाची मांडणी करताना बंदरे आणि व्यापार यांच्याबरोबर या हवेचाही विचार होणे आवश्यक आहे. कोकणातून जहाजावर गेलेल्या कित्येक खलाशांचे नाव कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. परंतु त्यांना किती घनफूट हवा दिली गेली, याची नोंद कायद्याने करून ठेवली आहे.